हाफ इंजिन बांधताना: सुझुकीच्या १३०० सीसी इंजिनाचं बॉटम एंड मजबूत करण्याची पद्धत

इंजिन खोललं की पिस्टनकडे मी नंतर बघतो. आधी पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची कॅप उघडतो, बेअरिंगचा शेल, म्हणजे अर्धगोल पातळ पत्रा, अंगठ्याने सरकवून काढतो आणि गॅरेजच्या दारात उजेडाला धरतो. चांगला शेल सगळीकडे सारखाच निस्तेज करडा दिसतो. मधोमध तांबूस झाक असेल तर वरचा मऊ थर घासून आतलं तांबं उघडं पडलंय. रॉडमधला वरचा शेल जास्त खराब असेल तर नॉकिंगने (इंधन अवेळी, धक्क्याने पेटल्याने) तो ठोकला गेलाय, कारण स्फोटाचा दाब त्याच्यावर येतो. कॅपमधला खालचा शेल खराब असेल तर इंजिन आरपीएममध्ये (मिनिटाला फेऱ्यांमध्ये) फार ताणलं गेलंय. झीज एकाच कडेला असेल तर रॉड वाकडा आहे किंवा क्रँकपिन (क्रँकवर रॉड बसतो तो गोल भाग) निमुळती झालीय. बारीक समांतर चरे दिसले तर तेलातून कचरा फिरला आहे.

बॉटम एंडचं, म्हणजे हेडखालच्या ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टनचं (गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिनाचं) काम ठरतं ते या निरीक्षणावरून. पार्टची यादी नंतर. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन आणि एच आकाराच्या छेदाचे एच-बीम रॉड मागवून इंजिन वाचेल अशी अनेकांची समजूत असते. माझा अनुभव वेगळा आहे. इंजिनाचा खालचा भाग तेल, क्लिअरन्स (दोन भागांमधली फट) आणि मोजमाप यांवर टिकतो. महाग पार्टचा नंबर त्यानंतर लागतो.

उदाहरणासाठी मी सुझुकीचं जी१३ घराण्यातलं १२९८ सीसीचं इंजिन घेतलंय. आपल्याकडे एस्टीम आणि जिप्सीतून ते घरोघरी पोचलं, रॅली आणि ऑटोक्रॉसमध्ये वर्षानुवर्षं पळालं. आपल्याकडच्या फॉर्म्युला एलजीबी शर्यतींच्या सिंगल-सीटर गाड्यांतही सुझुकीचंच १३०० सीसी इंजिन होतं. याच घराण्यातलं ट्विन-कॅम जी१३बी जपानमध्ये कल्टस जीटी-आयमध्ये १९८६ साली आलं. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि पाच मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती). पुढे जे सांगतोय ते कुठल्याही चार सिलिंडरच्या इंजिनाला लागू पडतं, फक्त आकडे तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या.

आणखी एक गोष्ट. हे स्पर्धेच्या गाडीचं काम आहे. आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं.

आधी आरपीएम ठरवा

"किती हॉर्सपॉवर काढायची?" असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी उलट विचारतो, किती आरपीएमपर्यंत नेणार? टर्बो नसलेल्या इंजिनात बॉटम एंडचा जीव आरपीएम घेतं, आणि भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो.

हिशेब करून बघा. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ४०० ग्रॅम धरा, रॉडची लांबी १२० मिमी धरा. ६५०० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला थांबून मागे फिरतो तेव्हा रॉडवर सुमारे ९४० किलोची ओढ येते. तेच इंजिन ८००० ला नेलं की ओढ जवळपास १४२० किलो होते. आरपीएम २३ टक्के वाढलं, ओढ ५१ टक्के वाढली. पॉवर स्ट्रोकला निदान स्फोटाचा दाब या ओढीला विरोध करतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वर दाबच नसतो, त्यामुळे सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते. बोल्ट तिथेच तुटतो आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पिस्टनचा सरासरी वेग हाही कामाचा अंदाज देतो. ८००० आरपीएमला या इंजिनात तो सेकंदाला २० मीटरच्या आसपास येतो. होंडाच्या एस२००० मधलं पहिलं दोन लिटरचं इंजिन ८४ मिमी स्ट्रोक असूनही ९००० ला फिरायचं, म्हणजे सेकंदाला २५ मीटरच्या वर. पण त्या इंजिनाचे पिस्टन, रॉड आणि क्रँक कंपनीने त्याच वेगासाठी घडवले होते. आपल्या इंजिनाचे पार्ट घरगुती गाडीसाठी घडवलेत, हे विसरून चालत नाही.

माझं ढोबळ गणित असं. ७००० च्या आत राहणार असाल तर तपासलेले, वजन जुळवलेले मूळ रॉड आणि नवे चांगले बोल्ट पुरतात. ७५०० च्या पुढे सतत फिरवणार असाल तर फोर्ज्ड रॉड घ्या. टर्बो बसवणार असाल तर आरपीएम कितीही असो, पिस्टन आणि रॉड दोन्ही बदला.

खोलताना

प्रत्येक मेन कॅप आणि रॉड कॅपवर नंबर व दिशा असल्याची खात्री करा, नसेल तर घाला. कॅप त्या त्या जागीच बोअर झालेली असते. अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही. शेलसुद्धा मागच्या बाजूला मार्करने नंबर घालून क्रमाने लावून ठेवा. फेकून देणार असलात तरी ठेवा.

ब्लॉक

पहिली सूचना मी गिऱ्हाइकाला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो: हा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, कॉस्टिकमध्ये टाकू नये. बऱ्याच मशीन शॉपमध्ये बिडाचे ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत उकळतात. बिडाला ते चालतं, अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतो. माझा एक ब्लॉक असाच परत आला होता, काळा ठिक्कर, आणि मेन कॅप जिथे बसते तो पृष्ठभाग खडबडीत झालेला. नखाने खरवडलं तर पूड निघत होती. तो ब्लॉक भंगारात गेला, आणि त्याबरोबर तीन आठवड्यांचं काम.

सफाईत मुख्य गोष्ट ऑइल गॅलरीची, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांची. टोकांचे सगळे प्लग काढा. ड्रिल करून काढावे लागले तरी काढा आणि नंतर आटे पाडून नवे बसवा. लांब ब्रश, गरम पाणी, साबण, मग दाबाची हवा, आणि पांढऱ्या कापडाचा बोळा आरपार ओढून बघा. बोळा पांढराच बाहेर येईपर्यंत पुन्हा धुवा. मागच्या वेळी बेअरिंग गेलं तेव्हाचे कण याच आडवळणात बसलेले असतात आणि नव्या शेलला पहिल्या पाच मिनिटांत खातात. धुऊन झालं की बोअरला लगेच तेल लावा. लायनर बिडाचे असतात, पावसाळ्यात तर तासाभरात तांबूस होतात. कोकणात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तडे तपासायला ब्लॉकसाठी डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) वापरा. चुंबकाने तपासायची पद्धत अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही, ती क्रँक आणि रॉडसाठी.

मेन कॅपला बोल्टऐवजी स्टड बसवले तर कॅप पकडण्याचा दाब बदलतो आणि भोक किंचित वाकडं होतं. म्हणून स्टड बसवून, पूर्ण टॉर्क देऊन सगळी मेन बोअर मोजा आणि गरज असेल तर लाइन होनिंग (सगळी भोकं एका रेषेत घासून मापाला आणणं) करून घ्या. स्टड घातले पण बोअर मोजलीच नाहीत, असं काम मी परत पाठवतो.

बोअर करताना आणि होन करताना टॉर्क प्लेट लावायला सांगा. हेड घट्ट बसलं की सिलिंडरचा आकार थोडा बदलतो. जाड प्लेट हेडच्या जागी आवळून तोच ताण आधी आणला, की इंजिन बांधल्यावर बोअर गोल राहतो. ही प्लेट सगळ्यांकडे नसते. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे थोडं लांब जावं लागलं तरी जा.

क्रँक

आधी ओळखा, क्रँक ओतीव आहे की फोर्ज्ड. काउंटरवेटच्या कडेला बारीक, धारदार शिवण दिसली तर ओतीव. रुंद, घासून काढलेला पट्टा दिसला तर फोर्ज्ड. फोर्जिंगमध्ये पोलादाचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात, म्हणून तो वाकण्याला जास्त दाद देत नाही. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जमध्ये जगभरच्या गाड्यांचे असे क्रँक बनतात. ओतीव क्रँक लगेच फेकायचा असं मात्र नाही. माफक आरपीएमला नीट तपासलेला ओतीव क्रँक चांगला चालतो.

तपासणीचा क्रम असा ठेवा: चुंबकीय तपासणी, मग जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाची) गोलाई आणि निमुळतेपणा, मग व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग. तडा गेला असेल तर तो बहुधा जर्नल आणि वेब (जर्नलांना जोडणारी भिंत) यांच्या सांध्यातल्या गोलाईत, म्हणजे फिलेटमध्ये सापडतो. म्हणूनच अंडरसाइज ग्राइंडिंग (जर्नल घासून माप कमी करणं) करताना फिलेटचा मूळ रेडियस ठेवायला बजावून सांगा. घाईच्या ग्राइंडिंगमध्ये तिथे चौकोनी कोपरा राहतो आणि क्रँक तिथूनच तुटतो. क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेला) असेल तर ग्राइंडिंगमध्ये तो कडक थर निघून जातो, तो पुन्हा करून घ्यावा लागतो. मला विचाराल तर स्पर्धेच्या इंजिनात अंडरसाइज क्रँक नकोच. चांगला स्टँडर्ड क्रँक शोधा आणि फक्त पॉलिश करा.

तेलाच्या भोकांच्या कडा हलक्या हाताने गोल करा, शेवटचं पॉलिश क्रँक फिरण्याच्या दिशेने होऊ द्या.

बॅलन्सिंगमध्ये क्रँक, फ्लायव्हील, क्लच प्लेटचं कव्हर आणि पुढची पुली आधी वेगवेगळी, मग एकत्र. पुलीत रबराचं कडं असेल तर तो डँपर आहे. वजन कमी करायच्या नादात तो काढून साधी अ‍ॅल्युमिनियमची पुली लावू नका. क्रँक पिळल्यासारखा थरथरतो, ती थरथर हे रबर शोषतं.

रॉड आणि बोल्ट

मूळ रॉड वापरायचे असतील तर चुंबकीय तपासणी, सरळपणा, शॉट पीनिंग (बारीक छर्रे मारून पृष्ठभाग मजबूत करणं), आणि वजन. नुसतं एकूण वजन जुळवून भागत नाही. मोठं टोक आणि छोटं टोक वेगवेगळं तोला. चारही रॉड एका ग्रॅमच्या आत आणा, सगळ्यात हलक्याला प्रमाण धरून.

पण सगळ्यात आधी पैसे बोल्टवर घाला. नवे बोल्ट बसवले की मोठ्या टोकाचं भोक पुन्हा मोजा. गोल राहिलं नसेल तर कॅपचे सांधे किंचित कापून भोक होन करून मूळ मापाला आणावं लागतं.

बोल्ट आवळण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांची चूक होते. टॉर्क पान्याने दिलेल्या जोरापैकी बहुतांश जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो, बोल्ट ताणण्याला थोडाच उरतो. आटे कोरडे, तेलकट की बोल्टबरोबर आलेलं ग्रीस लावलेले, यावर तोच टॉर्क वेगवेगळा ताण देतो. म्हणून रॉड बोल्टला शक्य असेल तिथे बोल्टची लांबवाढ मोजणारं स्ट्रेच गेज वापरा. बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरने मोजून कागदावर लिहा, प्रत्येक बोल्टची वेगळी. मग बनवणाऱ्याने सांगितलेली लांबवाढ येईपर्यंत आवळा. पुढच्या वेळी उघडल्यावर पुन्हा मोजा. बोल्ट मूळ लांबीपेक्षा एक थाऊ, म्हणजे ०.०२५ मिमीने लांब राहिला असेल तर त्याची लवचीकता संपलीय, टाकून द्या. कंपनीचे टॉर्क-आणि-अँगल प्रकारचे बोल्ट तर पुन्हा वापरूच नका.

पिस्टन आणि रिंगा

फोर्ज्ड पिस्टन बहुधा दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. तो कमी प्रसरण पावतो, बोअरमध्ये घट्ट ठेवता येतो, थंड इंजिनात वाजत नाही. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच. तो नॉकिंगचा मार जास्त सोसतो पण जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स मोठा ठेवावा लागतो आणि सकाळी खडखडतो. टर्बो नसेल तर ४०३२ पुरे. क्लिअरन्स पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावरचाच ठेवा, लेथवाल्याच्या सवयीचा नको.

रिंगच्या दोन टोकांमधला गॅप टर्बो नसताना बोअरच्या ०.४ टक्के, म्हणजे ७४ मिमीला ०.३० मिमी. टर्बोला ०.३७ ते ०.४४. गॅप कमी राहिला तर गरम रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये अडकते आणि पिस्टनचा काठ तुटतो. गॅप थोडा जास्त राहिला तर थोडी ताकद जाते, इंजिन जात नाही. शंका आली तर जास्त ठेवा.

बेअरिंगचा क्लिअरन्स

इथे घाई करू नका. जुना नियम असा: जर्नलच्या व्यासाच्या हजारावा भाग. ४५ मिमीच्या मेन जर्नलला ०.०४५ मिमी. स्पर्धेच्या इंजिनात रॉडला मी याच्यापेक्षा शतांश मिमीभर जास्त ठेवतो. मेनला मात्र नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि ब्लॉक तापला की मेनचा क्लिअरन्स आपोआप वाढतो. थंडीत सैल ठेवलेला मेन गरम झाल्यावर तेलाचा दाब धरत नाही.

मोजायची पद्धत: शेल बसवा, कॅपला पूर्ण टॉर्क द्या. जर्नल मायक्रोमीटरने मोजा, मायक्रोमीटर त्याच मापाला लॉक करा, आणि बोअर डायल (भोकाचं माप घेणारा डायल) त्याच्या दोन टोकांमध्ये धरून शून्य करा. आता बोअर डायल बेअरिंगमध्ये घातला की काटा थेट क्लिअरन्स दाखवतो, वजाबाकीची चूक राहत नाही. जोडरेषेपासून ९० अंशांवर मोजा, जोडरेषेजवळ शेल मुद्दाम थोडा पातळ असतो. प्लास्टिगेज, म्हणजे दाबून चपटी झाल्यावर फट दाखवणारी प्लास्टिकची दोरी, फक्त पडताळणीसाठी.

मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये घेतलेलं माप आणि सकाळचं माप जुळत नाही. ब्लॉक, क्रँक आणि मोजायची साधनं एकाच खोलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. मोजलेलं सगळं वहीत लिहा. पुढच्या वेळी शेल बघताना ही वही शेजारी लागते.

तेल

या इंजिनाचा तेलपंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच चालतो. पंपाच्या चाकांचा क्लिअरन्स, कव्हरचा सपाटपणा आणि रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग तपासा. जुना अंदाज दर १००० आरपीएमला १० पीएसआयचा. गरम तेलावर त्याच्या जवळपास दाब मिळाला पाहिजे.

क्रँकची थरथर पंपापर्यंत पोचते हेही लक्षात ठेवा. निसानच्या स्कायलाइन जीटी-आरमधल्या आरबी२६ इंजिनात सुरुवातीच्या क्रँकवर पंप फिरवणारा चपटा भाग आखूड होता. जास्त ताकदीला पंपाचं चाक तिथे तुटायचं, आणि पाठोपाठ भक्कम क्रँक, चांगले रॉड सगळं जायचं. त्यावर उपाय म्हणून तिथे रुंद कॉलर बसवतात.

चेंबरचं (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचं) काम तुम्ही स्वतः करू शकता आणि त्याचा फायदा सगळ्यात मोठा. घाटातल्या केसाच्या पिनेसारख्या वळणात तेल एका बाजूला चढतं, पिकअप (तेल ओढणारी नळी) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. बेअरिंग जायला दोन-तीन सेकंद पुरतात. पिकअपभोवती पत्र्याच्या आडभिंती वेल्ड करा, त्यांना आत उघडणारी आणि बाहेर न उघडणारी झाकणं द्या. पिकअप आणि चेंबरचा तळ यांत ६ ते १० मिमी अंतर ठेवा. मातीची गोळी बसवून चेंबर आवळा, उघडा आणि चपटी झालेली गोळी मोजा. क्रँक आणि तेल यांच्यामध्ये विंडेज ट्रे बसवा. तेल डिपस्टिकच्या खुणेच्या वर भरू नका म्हणजे झालं: जास्त भरलेलं तेल क्रँक घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेस बेअरिंगला वाचवत नाही. घाटाच्या लांब टप्प्यांसाठी ऑइल कूलर हवाच.

बांधणी

जमीन धुवा, पंखा बंद करा, शेजारी ग्राइंडर चालू नसल्याचं बघा. शेलची पाठ आणि त्याची बैठक कोरडी पुसा, तेल फक्त जर्नलच्या बाजूला. मेन कॅप मधून सुरू करून बाहेर, तीन टप्प्यांत. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. एखाद्या कॅपनंतर अचानक जड झाला तर तिथेच थांबा, चूक त्याच कॅपखाली आहे. क्रँकची मागेपुढे हालचाल डायलने मोजा, ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान हवी.

सगळं जोडल्यावर स्पार्क प्लग काढून, इंधन तोडून, स्टार्टरने गेजवर दाब दिसेपर्यंत फिरवा. मगच प्लग लावा.

पहिले तास

साधं मिनरल तेल. चालू झाल्यावर आयडलवर ठेवू नका, १५०० ते २५०० च्या दरम्यान आरपीएम वरखाली करत राहा. रिंगा भाराखालीच बोअरला बसतात, म्हणून लवकरात लवकर गाडी चालवायला काढा, मध्यम थ्रॉटल देऊन गिअरमध्येच वेग उतरू द्या. इग्निशन टायमिंग सुरुवातीला मागे ठेवा, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडू द्या. नॉकिंगपुढे कुठलाच रॉड किंवा शेल टिकत नाही. ड्रायव्हरलाही सांगून ठेवा: चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) रेव्ह लिमिटर, म्हणजे आरपीएमची मर्यादा, काहीही करू शकत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. असं झालं तर लपवू नये, बोल्ट मोजावे लागतात.

अर्ध्या तासाने तेल आणि फिल्टर बदला. फिल्टर कटरने कापा, करवतीने नाही, नाहीतर तिचाच चुरा आत सापडतो. कागदाच्या घड्या पांढऱ्या ताटात पसरून दाबा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटली ती रिंग, लायनर किंवा क्रँकची पूड, पहिल्या वेळी थोडी असतेच. न चिकटणारी चमकी, रुपेरी किंवा तांबूस, ती बहुधा बेअरिंगची. ती चिमूटभर दिसली तरी चेंबर उघडायचं. ५०० किलोमीटरवर हेच पुन्हा. हा दुसरा फिल्टर कोरा निघाला की मगच मी ईसीयूतली मर्यादा ६५०० वरून वर न्यायला घेतो, एका वेळी ५००.